दोन बॅटऱ्या, दोन साइझ: चार्ज वाटपाच्या प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी

आजपासून तारखेप्रमाणे लिहून ठेवतेय, नाहीतर महिन्याभराने वाटप करणाऱ्या स्क्रिप्टमधला (छोट्या प्रोग्राममधला) कुठला आकडा का टाकला होता ते कुणालाच आठवत नाही.

सेटअप असा आहे. भिंतीवर दोन बॅटऱ्या, दोन्ही एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट), दोन्हीत १६ सेल सिरीजमध्ये, म्हणजे दोन्ही ५१.२ व्होल्टच्या, पण एक १०० एएच (अँपिअर-अवर) आणि दुसरी २८० एएच. युनिटमध्ये (किलोवॅट-अवरमध्ये) सांगायचं तर धाकटी ५.१२ आणि थोरली १४.३ युनिटची. धाकटीला ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर आहे, थोरलीला ५ चा. सोलर तिसऱ्याच इन्व्हर्टरवर, त्यामुळे बॅटऱ्या भरतात पण एसी बाजूने (घराच्या वायरिंगमधून) आणि देतात पण एसी बाजूने. धाकटी आधीपासून होती, थोरली नंतर आली, कंपन्या वेगळ्या, ॲप वेगळी, एकीला दुसरी आहे हेच माहीत नाही.

आता निम्मं-निम्मं वाटलं तर काय होतं ते बघा. दोघी २० टक्क्यांवर आहेत आणि प्रत्येकीला २ किलोवॅट मिळतायत असं धरू. धाकटी साधारण दोन तासांत फुल्ल, थोरलीला पावणेसहा तास लागणार. यात वाईट काय, वीज तर थोरलीत जातेच आहे असं पहिल्यांदा वाटतं, पण खरी गोम वेगळी आहे. धाकटी भरली की तिचा ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर चार्जिंगसाठी संपला. भर दुपारी छतावरून ७ किलोवॅट जास्तीचे येत असतील तर थोरली ५ घेते आणि २ ग्रिडला (वीज कंपनीच्या लाइनला) जातात, तेही तिच्यात भरपूर जागा शिल्लक असताना. संध्याकाळी हेच उलटं होतं, धाकटी आधी संपते, मग घरात साडेसहा किलोवॅटचा लोड लागला की दीड किलोवॅट ग्रिडमधून ओढावे लागतात आणि थोरलीत दहा युनिट नुसती बसून असतात.

म्हणजे टक्के सारखे दिसावेत हा उद्देशच नाहीये. दोन्ही इन्व्हर्टर शेवटपर्यंत कामाला हजर राहिले पाहिजेत, त्यासाठी दोघी एकाच वेळी भरल्या पाहिजेत आणि एकाच वेळी संपल्या पाहिजेत. पुढचं सगळं याच एका गोष्टीसाठी चाललंय.

४ फेब्रुवारी

सगळ्यात सरळ सल्ला जो मिळतो तो म्हणजे दोन्ही बॅटऱ्या डीसी बाजूला, म्हणजे थेट एकमेकींना, पॅरलल करून टाका, व्होल्टेज सारखं आहे, आपोआप समान होतील. हे होत नाही असं नाही, केमिस्ट्री एक आणि सेलची संख्या एक असेल तर वेगळ्या एएचच्या बॅटऱ्या पॅरलल चालतात. पण "आपोआप" हा शब्द एलएफपीच्या बाबतीत मला पटत नाही.

एलएफपीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, २० टक्के आणि ९० टक्के यात सेलमागे जेमतेम ०.१ व्होल्टचा फरक. त्यामुळे मधल्या पट्ट्यात करंट कसा वाटला जाईल हे कपॅसिटी ठरवत नाही, रेझिस्टन्स ठरवतो, आणि त्यात सेलबरोबर केबलची लांबी, फ्यूज, बीएमएसचे (बॅटरीतल्या संरक्षक सर्किटचे) मॉसफेट स्विच, केबलच्या टोकाच्या लगचा दाबून केलेला जोड सगळं आलं. ३५ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या केबलला मीटरमागे साधारण अर्धा मिलिओम पडतो, दोन मीटर जास्त केबल म्हणजे एक मिलिओम, आणि जिथे अख्ख्या बॅटरीचाच रेझिस्टन्स दहा-वीस मिलिओम आहे तिथे एक मिलिओमही मोजावा लागतो.

बरं, पहिल्यांदा जोडताना सेलमागे ०.१ व्होल्टचा फरक असेल तर १६ सेलचा १.६ व्होल्ट झाला, सर्किटचा एकूण रेझिस्टन्स २० मिलिओम धरला तर ८० अँपिअर एकदम एकीतून दुसरीत जाणार. धाकटीची चार्जिंग लिमिट ५० अँपिअर आहे.

आणि लिमिटची बेरीज करता येत नाही हे तर फारच कमी जण सांगतात. धाकटीची ५०, थोरलीची १४०, बेरीज १९०. पण रेझिस्टन्समुळे धाकटीकडे ४० टक्के करंट जात असेल तर एकूण १२५ अँपिअरलाच तिची लिमिट लागली. वर एकीच्या बीएमएसने हात वर केले की सगळा करंट दुसरीवर. माझ्याकडे दोघींना स्वतंत्र इन्व्हर्टर आधीच आहेत, मग वाटप रेझिस्टन्सच्या भरवशावर का सोडायचं, ते आकड्यात सांगून करता येतं. डीसी पॅरलल बाद.

९ फेब्रुवारी

दोन्ही इन्व्हर्टर आपापल्या ऑटो मोडवर ठेवून रात्रभराचा लॉग घेतला. प्रत्येकाची स्वतःची सीटी (करंट मोजणारा सेन्सर) मेन लाइनवर आहे आणि प्रत्येकाचं काम एकच, ग्रिडचा आकडा शून्यावर आणणं.

ग्राफ बघितला तर पहाटे तीनच्या सुमाराला धाकटी ९०० वॅट देतेय आणि थोरली ६०० वॅट घेतेय! घराचा खरा लोड ३०० वॅट. म्हणजे ६०० वॅट नुसते एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर फिरतायत आणि दोन्हीकडच्या कन्व्हर्जनमध्ये गरम होऊन जातायत.

कारण शोधताना दोन्ही सीटीचे आकडे शेजारी शेजारी लावले. एकच वायर, पण एक सीटी वीस-तीस वॅट जास्त दाखवते आणि दुसरी तेवढेच कमी. पहिल्या इन्व्हर्टरला वाटतं ग्रिडमधून अजून थोडं येतंय, तो वाढवतो. दुसऱ्याला वाटतं बाहेर जातंय, तो ओढायला लागतो. ग्रिडचा खरा आकडा शून्याजवळच राहतो, त्यामुळे दोघांचंही समाधान कधी होत नाही आणि दोघं हळूहळू विरुद्ध दिशांना सरकत जातात. एकाच स्टीअरिंगवर दोन ड्रायव्हर बसवल्यासारखं आहे हे, दोघंही उत्तम चालवत असले तरी गाडी सरळ जाणार नाही. सीटी कितीही चांगल्या घेतल्या तरी अगदी थोडा फरक राहतोच आणि पुरेसा वेळ मिळाला की तो इथपर्यंत आणतो.

निर्णय: मीटर वाचणारा एकच. एक छोटा कॉम्प्युटर, ग्रिड मीटर आणि दोन्ही इन्व्हर्टर मॉडबसवर (उपकरणांमध्ये आकडे पाठवायच्या एका पद्धतीवर), आणि दोघांना वॅटचा आकडा तिथूनच जाईल.

११ फेब्रुवारी

कोड लिहायच्या आधी मॅन्युअलमधली रजिस्टरची (मॉडबसवरून आकडे वाचायच्या-लिहायच्या जागांची) यादी पूर्ण वाचली, आणि हे कुणी करणार असेल तर कळकळीने सांगते, वाचाच. काही इन्व्हर्टरमध्ये पॉवर सेटिंगचं रजिस्टर कायमस्वरूपी मेमरीत लिहिलं जातं. अशा मेमरीचं आयुष्य साधारण एक लाख वेळा लिहिण्याचं धरतात. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. दर सेकंदाला एक आकडा पाठवला तर दीड दिवसाच्या आत ते आयुष्य संपलं. रिमोट कंट्रोलसाठी बहुतेक वेळा वेगळं रजिस्टर असतं जे फक्त रॅममध्ये (तात्पुरत्या मेमरीत) राहतं, तेच वापरायचं. थोरलीचं सापडलं, धाकटीचं मॅन्युअलच्या पुरवणीत होतं.

१५ फेब्रुवारी

वाटपाचा फॉर्म्युला. टक्के बाजूला ठेवले आणि दोन शब्द धरले, चार्ज करताना "जागा" आणि देताना "शिल्लक", दोन्ही युनिटमध्ये.

जागा म्हणजे १०० मधून आत्ताचे टक्के वजा, गुणिले कपॅसिटी. शिल्लक म्हणजे आत्ताच्या टक्क्यांतून खालची मर्यादा वजा, गुणिले कपॅसिटी. खालची मर्यादा दोघींना १० टक्के ठेवलीय. मग प्रत्येकीचा वाटा = एकूण वॅट × तिची जागा ÷ दोघींची मिळून जागा. देताना जागेऐवजी शिल्लक.

करून बघितलं. धाकटी ६० टक्के, थोरली ४०, लोड ३ किलोवॅट. धाकटीची शिल्लक २.५६ युनिट, थोरलीची ४.३. वाटे येतात १.१२ आणि १.८८ किलोवॅट. दोघींना भागून बघा, दोघी सव्वादोन तासांनी एकदमच तळाला पोचतात. त्याच स्थितीत ४ किलोवॅट चार्जिंग आलं तर धाकटीला ०.७७ आणि थोरलीला ३.२३, साधारण दोन तास चाळीस मिनिटांत दोघी एकदम फुल्ल.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे बॅलन्स करायला वेगळं काहीच करावं लागत नाही. एखादी पुढे गेली तर पुढच्या चार्जिंगला तिची जागा कमी, म्हणून वाटा कमी, ती आपोआप थांबून घेते. एकीतून दुसरीत वीज ओतून टक्के जुळवण्याचा मोह होतो, काही जण करतातही, पण ९४ टक्के एफिशियन्सीने बाहेर काढायची आणि ९४ टक्क्यांनी आत घालायची म्हणजे एका युनिटची ०.८८ पोचली, आणि ती वापरताना परत एक घट आहेच. फक्त आकडे सुंदर दिसावेत म्हणून बारा टक्के जाळायचे नाहीत. जी वीज तशीही येणार-जाणार आहे तिच्याच वाट्यात बदल करायचा, बस.

घराच्या एकूण साठ्याचा एक आकडा दाखवायचा असेल तर तोही असाच काढायचा. धाकटी ९० आणि थोरली ५० टक्के असताना सरासरी ७० येते पण खरा साठा साडेसाठच्या आसपास आहे.

१६ फेब्रुवारी

कमाल मर्यादा घातल्या. कपॅसिटीच्या प्रमाणात वाटत गेलं तर थोरली ५ किलोवॅटला पोचते तेव्हा धाकटी १.८ वर असते, म्हणजे एकूण ६.८ पर्यंतच प्रमाण पाळता येतं. त्याच्यावरचं जे काही उरतं ते सगळं धाकटीला द्यायचं, ती तेवढा वेळ पुढे जाईल, जाऊ दे, नंतर फॉर्म्युला तिला मागे आणतो.

मर्यादा नुसती इन्व्हर्टरची धरून चालत नाही, बीएमएस दर क्षणी जी चार्ज लिमिट आणि डिस्चार्ज लिमिट सांगतो ती वाचायची आणि दोन्हीतली लहान घ्यायची. वरच्या टोकाला बीएमएस लिमिट खाली आणतो, थंडीत पण आणतो, आणि शून्य डिग्रीच्या खाली सेल गेले की एलएफपीला चार्जिंग बंदच. एकीची लिमिट शून्य आली की तिचा वाटा लगेच दुसरीला, जेवढा तिला झेपेल तेवढा.

२१ फेब्रुवारी

आकडे वर-खाली नाचतायत. केटल बंद केली की थोरली ३ किलोवॅटवरून १ वर येते, परत ३ वर, परत १ वर, आणि बराच वेळ हे चालूच राहतं.

स्क्रिप्ट घराची गरज अशी काढते: ग्रिडचा आकडा अधिक बॅटऱ्यांचा आकडा. गणित बरोबर आहे, बॅटऱ्या काहीही करत असल्या तरी या बेरजेत घराची खरी गरजच राहते. लॉगमध्ये प्रत्येक रीडिंगची वेळ छापली तेव्हा कारण दिसलं. ग्रिड मीटर दर सेकंदाला ताजा आकडा देतो, पण थोरलीचं पॉवर रजिस्टर पाच सेकंदांनी एकदा बदलतं, मधे वाचलं तर जुनाच आकडा.

तर होतं असं. लोड ३ किलोवॅट, बॅटरी ३ देतेय, ग्रिड शून्य. केटल बंद, लोड १ वर. ग्रिड उणे २, बॅटरी ३, बेरीज १, बरोबर. बॅटरीला सांगितलं १ दे, तिने दिला. आता ग्रिड शून्य झालं पण बॅटरीचं रजिस्टर अजून ३ च म्हणतंय. बेरीज ३. स्क्रिप्ट परत ३ मागते. पुढच्या वाचनात हेच उलटं.

फिल्टर लावून, स्पीड कमी करून हे झाकता येतं आणि बरेच जण तेच करतात, पण मग केटल लावली की दहा-पंधरा सेकंद ग्रिडमधून जातात. मी दोन्ही इन्व्हर्टरच्या एसी आउटपुटवर छोटे मॉडबस एनर्जी मीटर बसवले, ग्रिड मीटरच्याच आरएस-४८५ लाइनवर (मॉडबसच्या वायरवर), तिन्ही एकापाठोपाठ एकाच फेरीत वाचले जातात. नाच बंद. इन्व्हर्टरला नवीन आकड्यावर यायला दोन-तीन सेकंद लागतात तेवढेच, आणि ५० वॅटपेक्षा लहान बदलाला नवीन आकडा पाठवतच नाही.

२८ फेब्रुवारी

रात्रीचा लोड. २५० वॅटच्या आसपास. फॉर्म्युला इमानदारीत वाटतो, धाकटीला ६६ आणि थोरलीला १८४. पण इन्व्हर्टर नुसता जागा राहायलाच वीज खातो, माझ्या मीटरवर धाकटीचा ४० वॅट आणि थोरलीचा ६०. म्हणजे २५० वॅट पुरवायला १०० वॅट वरखर्च. आठ तासांत घराला २ युनिट मिळतात आणि ०.८ युनिट जागरणात जातात.

इथे वाटायचंच नाही. ३५० वॅटच्या खाली लोड दोन मिनिटं टिकला की एकीला झोपवायचं, ६०० च्या वर गेला की उठवायचं, मधे मोठी फट ठेवलीय म्हणजे फ्रिज चालू-बंद होण्याने उठबस होणार नाही. झोपवायचं थोरलीला, कारण तिचा वरखर्च जास्त, रात्रीत जवळपास अर्धं युनिट वाचतं. धाकटीच्या तिच्या वरखर्चासकट साधारण २.३ युनिट जातात, म्हणजे ४५ टक्के. एवढी शिल्लक तिच्यात नसेल तर मात्र थोरलीच जागी राहणार. रात्री एकदम दोन किलोवॅट लागले तरी धाकटी एकटी झेपवते तोवर थोरली उठते.

सकाळी धाकटी बरीच खाली असते आणि थोरली वर, दिसायला सगळं बिघडलेलं दिसतं, पण दिवसभर जागेप्रमाणे वाटप होत गेल्यावर दुपारपर्यंत दोघी जवळ येतात. ढगाळ दिवशी येत नाहीत, मग त्या रात्री थोरलीची पाळी. कमी लोडला समतोल थोडा सोडायचा आणि मोठ्या लोडला धरायचा, हे मला आतापर्यंतच्या सगळ्या कामातलं सगळ्यात उपयोगी वाटलं.

चार्जिंगला पण हेच. कुणाच्याही वाट्याला १५० वॅटपेक्षा कमी येत असतील तर तिला शून्य आणि सगळं दुसरीला.

१० मार्च

संध्याकाळी धाकटी ३४ टक्के दाखवत असताना लो-व्होल्टेज म्हणून बंद पडली. लॉगमध्ये सगळ्यात खालचा सेल ३.० व्होल्टच्या खाली गेलेला. स्क्रिप्टच्या हिशोबात तिच्यात सव्वा युनिट शिल्लक होती, म्हणून तिला वाटा दिला जात होता, आणि एका क्षणात सगळा लोड थोरलीवर.

एलएफपीत व्होल्टेजवरून टक्के कळत नाहीत, म्हणून बीएमएस आत-बाहेर जाणारा करंट मोजत बसतो, आणि खूप लहान करंट त्याच्या मोजमापात धड येत नाही. इन्व्हर्टर जागा राहायला जो थोडा करंट घेतो तो असाच निसटतो. समजा ०.३ अँपिअर मोजला गेला नाही तर २४ तासांत ७.२ एएच झाले. २८० एएचच्या बॅटरीत ही अडीच टक्क्यांची चूक आहे, १०० एएचच्या बॅटरीत सात टक्क्यांची. कारण तेच, करंट तोच, पण धाकटीचा आकडा जवळपास तिप्पट वेगाने खोटा होत जातो. वेगळ्या साइझच्या बॅटऱ्या एकत्र चालवताना हे डोक्यात ठेवायलाच हवं, कारण आपला अख्खा फॉर्म्युला या टक्क्यांवर उभा आहे.

टक्के परत खरे होतात ते फक्त वर, बॅटरी पूर्ण भरली आणि करंट खाली आला की बीएमएस १०० वर सेट करतो. आणि माझा फॉर्म्युला दोघींना एकदम वर नेतो, म्हणजे ऊन कमी पडलं तर दोघी एकदमच ९० ला अडकतात आणि दोघींचाही आकडा सुधारत नाही. गेला आठवडा ढगाळ होता, तेच झालंय.

तात्पुरतं: सगळ्यात खालचा सेल ३.१ व्होल्टच्या खाली गेला की टक्के काहीही म्हणोत, शिल्लक शून्य धरायची आणि वाटा एकदम न काढता अर्ध्या मिनिटात उतरवायचा.

२२ मार्च

"वरचा दिवस" टाकला. दर दहा दिवसांनी, हवामान अंदाज चांगला असेल त्या दिवशी, समान वाटप बंद आणि धाकटी आधी. तिला पाचच युनिट लागतात त्यामुळे दुपारच्या आत ५५.२ व्होल्टला पोचते, सेलमागे ३.४५, आणि तिथेच दोन तास धरायची. दुसऱ्या दिवशी थोरली.

नुसते टक्के सेट होण्यासाठी दोन तास लागत नाहीत, ते सेल बॅलन्सिंगसाठी आहेत. बॅटरीच्या आतल्या १६ सेलमधला समतोल हा वेगळा विषय आहे, दोन बॅटऱ्यांमधल्या वाटपाने तो होत नाही. साधा पॅसिव्ह बीएमएस (पुढे गेलेल्या सेलमधला जास्तीचा चार्ज जाळणारा) साधारण ३.४ व्होल्टच्या वरच काम करतो आणि शंभरेक मिलिअँपिअरने. एखादा सेल २ एएच पुढे असेल तर वीस तास वर राहावं लागणार, दोन तासांच्या दहा बैठका. म्हणून वरचा दिवस टाळायचा नाही, आणि रोज शंभरला धरून पण ठेवायचं नाही, कायम फुल्ल राहणं सेलच्या आयुष्याला चांगलं नाही.

३० मार्च

नेटवर्कची वायर काढून बघितली. दोन्ही इन्व्हर्टरना ६० सेकंद नवीन आकडा आला नाही की थोरली स्वतःच्या ऑटो मोडवर जाते आणि धाकटी शांत बसते. दोघी ऑटोवर गेल्या तर पहाटेची ती फिरवाफिरवी परत सुरू, म्हणून एकच. नीट झालं.

दुसरी टेस्ट जास्त महत्त्वाची होती, स्क्रिप्ट चालू पण ग्रिड मीटर बंद. इथे स्क्रिप्ट जुन्याच आकड्यावर आरामात आदेश देत राहू शकते आणि इन्व्हर्टरना सगळं आलबेल वाटतं. आता रीडिंग १० सेकंदांपेक्षा जुनं असेल तर स्क्रिप्ट स्वतःहून आदेश थांबवते.

१२ एप्रिल

कपॅसिटी मोजली. वरचा दिवस झाल्यावर दुसऱ्या दिवशी धाकटी १ किलोवॅटने सतत खाली आणली, सगळ्यात खालचा सेल ३.० व्होल्टला येईपर्यंत. बीएमएसच्या नोंदीत ९० एएच भरले, म्हणजे ४.६ युनिट. थोरलीचे २७६ एएच, १४.१ युनिट. धाकटी जुनी आहे, तिची दहा टक्के घट अपेक्षितच.

लेबलवरचा आकडा ठेवला असता तर फॉर्म्युला धाकटीकडून तिच्याकडे नसलेलं अर्धं युनिट मागत राहिला असता आणि दर संध्याकाळी ती दहा-पंधरा मिनिटं आधी बाहेर पडली असती. स्क्रिप्टमध्ये ४.६ आणि १४.१ टाकलं. प्रमाण पाळण्याची वरची सीमा आता ६.८ ऐवजी ६.६ किलोवॅट. पुढची मोजणी सहा महिन्यांनी, याच १ किलोवॅटने आणि खोलीचं तापमान साधारण आजच्याएवढं असताना.